तिकिटांची डबी

डबी देवांशच्या हातून पडली, आणि ती पडली म्हणूनच सगळं कळलं.

शनिवारची सकाळ होती. नाताळची सुट्टी लागली होती. इंदूरला कडाक्याची थंडी होती आणि बडा गणपतीजवळच्या त्या अरुंद, तीन मजली घरात सगळे रत्नागिरीला जायच्या तयारीत होते. मंगळवारी निघायचं होतं. समुद्र, ऊन, वाळू! देवघर पुसायचं काम मात्र देवांशकडे आलं होतं. तो दहा वर्षांचा, घरात सर्वांत लहान, आणि त्याच्या मते हा सरळसरळ अन्याय होता.

स्टीलची ती डबी गणपतीच्या मूर्तीमागे असायची. घरातला नियम असा होता की कुठेही जायचं असलं तर तिकिटं त्या डबीत ठेवायची. निघायच्या दिवशी बाबांनी डबी उघडायची, तिकिटांना कुंकू लावायचं आणि मग बॅगा उचलायच्या. तोवर डबीला कोणी हात लावायचा नाही. हा नियम आजीने केला होता. आजी एप्रिलमध्ये वारली, पण नियम तसाच राहिला.

झाकण घरंगळत सोफ्याखाली गेलं. आवाज ऐकून देवांशची तेरा वर्षांची बहीण अनुश्री आणि बारा वर्षांची चुलत बहीण निधी धावत आल्या.

"पडली नाही, सटकली," देवांश आधीच म्हणाला.

अनुश्रीचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. डबीत एकच तिकीट होतं. तिने ते उलगडून वाचलं आणि पुन्हा वाचलं.

"हे दोन वर्षांपूर्वीचं आहे," ती म्हणाली. "मंगळवारचं तिकीट यात नाहीच."

तिकिटाच्या मागे आजीच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने काही लिहिलं होतं. सगळ्यांची नावं आणि वयं. आजोबांच्या नावाऐवजी नुसतं 'हे', आणि पुढे 'खालचा बर्थ'. एक फोन नंबर. त्याखाली दोन ओळी होत्या: 'विष्णूजी, झेरॉक्स, स्टेशनसमोर. सातच्या आत.' आणि 'आधी घरात प्रश्न टाकणे.'

"प्रश्न टाकणे म्हणजे काय?" निधीने विचारलं.

ते कोणालाच माहीत नव्हतं.

आता या प्रवासाची गोष्ट सांगायला हवी. रत्नागिरीला यमुनाआजी राहायची. ती आजीची थोरली बहीण, वय चौऱ्याऐंशी. तिचा मुलगा तिला कायमची कॅनडाला घेऊन चालला होता आणि येत्या शुक्रवारी सकाळी ती रत्नागिरी सोडणार होती. आजीने दवाखान्यात पडल्या पडल्या तिच्यासाठी एक मरून रंगाचा स्वेटर विणून पुरा केला होता आणि आजोबांना सांगितलं होतं, "यमुनाताईच्या हातात द्या. पाठवू नका, द्या." आजोबांचं नाव दत्तोपंत. गेले आठ महिने ते तो स्वेटर बॅगेत घालत होते आणि पुन्हा काढून घडी नीट करत होते. काकू एकदा म्हणाली होती की कुरियरने तीन दिवसांत पोहोचेल. आजोबा तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

म्हणजे शुक्रवारच्या आत पोहोचायलाच हवं होतं. आणि डबीत यंदाचं तिकीटच नव्हतं.

"कदाचित फोनवर काढली असतील," निधी म्हणाली. "चला, चौकशी करू. पण घाबरवायचं नाही कोणाला."

बाबा बॅग बांधायची साखळी आणि कुलूप शोधत होते. रेल्वेत बर्थला बॅग बांधल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. तिकिटं कोणी काढली असं विचारल्यावर ते म्हणाले, "परेशने काढली असतील. रेल्वेचं ठरलंय ना, मग झालं."

परेशकाका सियागंजमध्ये पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात कामाला होता. तो नुकताच गाडी सर्व्हिसिंग करून आला होता. "तिकीट कशाला भिया? कारने जातोय आपण," तो देवांशला इंदुरी थाटात म्हणाला. पाच जणांच्या गाडीत आठ माणसं कशी बसणार, हे विचारल्यावर त्याने गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवली. "दादाने दुसरी गाडी सांगितली असेल. टेन्शन मत लो."

आर्याकाकू, म्हणजे निधीची आई, पुण्याची, कंप्यूटरवाली. ती वजनकाट्यावर बॅगा ठेवून पाहत होती, कारण विमानात पंधरा किलोच चालतं. बुकिंग श्रीरामदादांनी, म्हणजे बाबांनी केलं असणार, तिने सांगितलं, कारण मागच्या मीटिंगमध्ये त्यांनी मान हलवली होती.

आणि आई गच्चीवर बसून बस लागू नये म्हणून आणलेल्या गोळ्या मोजत होती. स्लीपर बस आर्याने फोनवरून बुक केली, असं तिला नक्की ठाऊक होतं.

तिघं जिन्यात येऊन बसली.

"आई म्हणते काकूने," अनुश्री बोटांवर मोजत म्हणाली. "काकू म्हणते बाबांनी. बाबा म्हणतात काकाने. आणि काका म्हणतो बाबांनी."

"म्हणजे कोणीच नाही," देवांश म्हणाला.

हे कसं झालं, ते त्यांना हळूहळू आठवलं. नोव्हेंबरमध्ये पोहे खाताना पहिली मीटिंग झाली होती. बाबा रेल्वेच्या बाजूने, काका कारच्या, काकू विमानाच्या आणि आई बसच्या. बस दारात येते, विमान दोन तासांत जातं, कारमधून वाटेत कुठेही उतरता येतं, रेल्वेत पाय पसरता येतात. पोह्यांवर भुरभुरायचा जीरावण मसाला आणि शेवेचे डबे संपले, पण मीटिंग संपली नाही. ती अठरा दिवस चालली. शेवटी आजोबांनी टेबलावर हात आपटून "ठरलं" असं जाहीर केलं. काय ठरलं, ते कोणी विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, आपलंच ठरलं.

"चल, सांगून टाकू सगळ्यांना," देवांश उठला.

निधीने त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. "सांगितलं तर काय होईल?"

देवांशने विचार केला. त्याचा चेहरा पडला. "मीटिंग."

"आणि शुक्रवारपर्यंत ती संपेल का?"

मग सांगायचं नाही, हे मात्र अर्ध्या मिनिटात ठरलं. या घरात इतक्या लवकर काही ठरल्याची ती पहिलीच वेळ असावी.

रविवारी सकाळी तिघं रिक्षाने स्टेशनसमोर गेली. विष्णूजींचं झेरॉक्सचं दुकान एका कपाटाएवढं होतं. आत एक मशीन, एक स्टूल आणि जाड चष्म्याचे विष्णूजी. अनुश्रीने तिकिटाची मागची बाजू त्यांच्यासमोर धरली. अक्षर पाहताच ते हसले.

"अरे, ये तो अरुंधतीजी की लिखावट है। इस बार आईं नहीं? बहुत देर कर दी।"

अनुश्रीने आजी गेल्याचं सांगितलं. विष्णूजींनी मशीन बंद केलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग शेजारच्या टपरीवरून तीन चहा मागवले आणि पैसे देऊ दिले नाहीत.

आजीबद्दल त्यांनी जे सांगितलं, ते तिघांनाही नवीन होतं. घरातली सगळी तिकिटं आजीच काढायची. वीसेक वर्षं ती या दुकानातूनच फॉर्म न्यायची. सकाळी सातच्या आत यायची, लोक रांगेसाठी कागदावर यादी करतात त्यात नाव लिहायची, खिडकी उघडली की तिकीट घ्यायची आणि दुपारच्या स्वयंपाकाला घरी.

"आणि आम्हाला कोणाला कळायचं कसं नाही?" निधीने विचारलं.

"वो बोलती थीं, घर में एक सवाल डाल के आई हूँ। अब तीन घंटे कोई मुझे नहीं ढूँढेगा।"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रश्न टाकणे म्हणजे हे! आजी सकाळी नुसतं विचारायची, "यंदा विमानाने गेलो तर?" आणि पिशवी घेऊन बाहेर पडायची. इकडे घरातली मोठी माणसं तीन तास भांडायची. संध्याकाळी तिकिटं डबीत असायची, आणि निघायच्या दिवशी प्रत्येकाला वाटायचं, आपण म्हणालो म्हणूनच असं झालं.

विष्णूजींनी पुढचंही नीट समजावलं. कोकणात जाणारी आठवड्याची गाडी मंगळवारी सुटणार होती आणि ती कधीच भरली होती. पण तत्काळची थोडी तिकिटं आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतात. म्हणजे उद्या. खिडकीवर मोठं माणूस हवं, त्याचं आधार कार्ड हवं. आणि एका फॉर्मवर चारच नावं.

"चारच?" अनुश्री म्हणाली. "आम्ही आठ आहोत."

"तो चार चुन लो।"

चौघं निवडायला वेळ लागला नाही. आजोबा तर हवेतच. उरलेले तिघं आपण, कारण निवड आपण करतोय, असं देवांशचं म्हणणं होतं. निधीला त्यात काही चूक दिसेना. शिवाय उरलेली चार मोठी माणसं काकाच्या गाडीत अगदी आरामात बसत होती. निधीने तिथेच स्टुलावर बसून फॉर्म भरला. नावं लिहिली, वयं लिहिली, आजोबांसमोर 'खालचा बर्थ' लिहिलं आणि फोन नंबर जुन्या तिकिटावरून उतरवला.

राहिलं आजोबांना सांगणं. ते गच्चीवर उन्हात बसले होते, मांडीवर स्वेटर. अनुश्रीने सगळं सांगितलं, डबीपासून विष्णूजींपर्यंत. त्यांनी स्वेटरची बाही सरळ केली.

"मी 'ठरलं' म्हणायचो," ते म्हणाले. "मला वाटायचं, त्यानेच तिकिटं येतात."

मग त्यांनी विचारलं, किती वाजता निघायचं.

सोमवारी साडेसहाला आजोबा, अनुश्री आणि देवांश दूध आणायला म्हणून बाहेर पडले. निधी घरी थांबली. प्रश्न टाकायचं काम तिच्याकडे होतं. तिने सगळे चहाला बसेपर्यंत वाट पाहिली आणि सहज विचारलं, "काकू, बसमध्ये पंधरा किलोच चालतं का गं?"

काकू म्हणजे अनुश्रीची आई. तिने कप खाली ठेवला. "बसमध्ये कितीही चालतं. पण पंधराचं काय?"

"बस?" आर्याकाकू म्हणाली. "कुठली बस?"

निधीने पोह्यांची बशी उचलली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. आग जरा मंदावली की ती आणखी एक प्रश्न टाकायची. साडेआठला तिने टोलनाके किती लागतात ते विचारलं. साडेनऊला रेल्वेतला चहा. आजोबा आणि दोन मुलं दुधाला गेली ती अजून आली नाहीत, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तिकडे रिझर्व्हेशनच्या खिडकीपुढे यादी लागली होती. विष्णूजींनी तिसऱ्या नंबरवर नाव लिहून ठेवलं होतं. पण सवयीने त्यांनी लिहिलं होतं 'अरुंधतीजी'.

खिडकी उघडायला पाच मिनिटं असताना एका जॅकेटवाल्या माणसाने यादी वाचायला घेतली. त्याचा नंबर चौथा होता. "ये अरुंधतीजी कौन हैं? हैं कि नहीं? नहीं हैं तो काटो नाम।"

त्याने पेन काढलं. देवांश त्याच्या हाताला लोंबकळायच्या बेतात होता. तेवढ्यात आजोबांनी हात वर केला.

"मैं हूँ।"

सगळी रांग मागे वळली. आजोबांच्या मिशा पांढऱ्याशुभ्र आणि भरघोस होत्या. जॅकेटवाल्याने मिशांकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, पुन्हा मिशांकडे पाहिलं.

"आप अरुंधतीजी हैं?"

"उनकी तरफ़ से हूँ," आजोबा म्हणाले. "चालीस साल वो मेरी तरफ़ से खड़ी रहीं।"

मागून एक बाई म्हणाली, "रहने दो भिया, नंबर उनका ही है।" जॅकेटवाल्याने पेन खिशात ठेवलं.

दहा वाजले. पहिला माणूस गेला, दुसरा गेला. आजोबांनी फॉर्म आणि आधार कार्ड आत सरकवलं. आतल्या बाईंनी भराभर टाइप केलं. जागा होत्या! बाई म्हणाल्या, "मोबाइल पे ओटीपी आया होगा। बताइए।"

आजोबांनी खिशातून फोन काढला. त्यावर काहीच नव्हतं.

अनुश्रीने वाकून फॉर्म पाहिला. निधीने जुन्या तिकिटावरून नंबर उतरवला होता. तो आजोबांचा नंबर नव्हताच. तो आजीचा होता.

"जल्दी कीजिए दादाजी," बाई म्हणाल्या. "सीटें जा रही हैं।"

मागे कुजबुज सुरू झाली. नंबर बदलायचा तर नवा फॉर्म, आणि नवा फॉर्म म्हणजे पुन्हा रांग. अनुश्रीला मरून स्वेटर दिसायला लागला, कुरियरच्या पिशवीत घातलेला.

तेवढ्यात कुठेतरी 'टुण्' वाजलं.

आवाज आजोबांच्या कोटाच्या आतल्या खिशातून आला होता. त्यांनी तिथून दुसरा फोन काढला. छोटा, जुना, पाठीवर गणपतीचं स्टिकर. तो फोन घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो चालू आहे, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं.

"रोज चार्ज करतो," आजोबा कोणाकडेच न बघता म्हणाले. "रिचार्ज पण संपू देत नाही. तसं काही कारण नाही."

देवांशने सहा आकडे मोठ्याने वाचले. आत प्रिंटर खरखरला.

तिकीट हातात आल्यावर आजोबांनी ते दोनदा वाचलं. मग विष्णूजींच्या दुकानात जाऊन दाखवलं. दोघं म्हातारे पहिल्यांदाच भेटत होते, पण निघताना त्यांनी असे हात धरले होते की देवांशला वाटलं, आता हे इथेच जेवणार.

ते घरी पोहोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. मीटिंग रंगात होती. आपलंच ठरलंय, हे प्रत्येक जण दुसऱ्याला पटवत होता; तिकिटं कोणी काढली, हे मात्र अजून कोणी विचारलं नव्हतं. काका टेबलावर मिठाच्या आणि जीरावणच्या डब्या मांडून घाटातला रस्ता दाखवत होता. अनुश्री सरळ देवघरात गेली आणि तिने तिकीट डबीत ठेवलं.

"दूध कुठाय?" आईने विचारलं.

दूध सगळेच विसरले होते.

मंगळवारी दुपारी आठही जण देवघरासमोर जमले. बाबांनी कुंकवाची वाटी घेतली, डबी उघडली, तिकीट बाहेर काढलं. आणि उलटसुलट करून पाहिलं.

"चारच नावं आहेत," ते म्हणाले. "परेश, बाकीची कुठे आहेत?"

"मी कुठे काढली? आपण कारने जातोय ना?"

"दादा, विमानाचं तुम्ही केलंत ना?"

"बस आर्याने—"

चौघं एकदम बोलायचे थांबले. चार मोठ्या माणसांच्या तोंडावर एकच गोष्ट एकाच वेळी उमटताना मुलांनी त्या दिवशी पाहिली, आणि देवांशच्या मते तोच सगळ्या सुट्टीतला सर्वांत भारी देखावा होता.

मग अनुश्रीने सगळं सांगितलं. सांगताना ती जरा घाबरली होती. पण कोणी रागावलं नाही. आई पदराने डोळे पुसत देवघराच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "इतकी वर्षं मी त्यांना विचारायची, कुठे गेला होतात? म्हणायच्या, भाजी आणायला. पण भाजी कधी दिसली नाही."

बाबांनी तिघांच्या पाठीवर एकेक थाप दिली. "आम्ही चौघं मिळून दीड महिन्यात जे केलं नाही, ते तुम्ही दोन दिवसांत केलंत."

"अडीच," देवांश म्हणाला. "शनिवारपासून धरा."

काकाला तर आनंदच झाला, कारण शेवटी कार निघणारच होती. काकूने विचारलं की कारमध्ये वजनाची मर्यादा आहे का. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

रेल्वेचा प्रवास मजेत झाला. आजोबांना खालचा बर्थ मिळाला होता. त्यांनी रात्रभर स्वेटरची पिशवी उशाखाली ठेवली. बुधवारी गाडी रत्नागिरीला पोहोचली तेव्हा उन्हं उतरायला लागली होती, तरी हवा अशी गरम की मुलांनी टोप्या, मोजे, जाकिटं फलाटावरच काढून टाकली. रिक्षा एका वळणावर आली आणि समोर एकदम समुद्र दिसला. देवांश ओरडायचंच विसरला.

यमुनाआजी दारातच उभी होती. अर्ध्या घराच्या वस्तू खोक्यांत भरल्या होत्या. आजोबांनी चप्पलही काढली नाही. पिशवी उघडली आणि स्वेटर तिच्या हातात दिला.

"अरुंधतीने दिलाय," ते म्हणाले. "हातात द्यायला सांगितलं होतं."

यमुनाआजीने तो तिथेच अंगात घातला. गळ्यापर्यंत बटणं लावली. पाच मिनिटांत तिच्या कपाळावर घामाच्या धारा लागल्या. निधीने पंखा लावला, देवांशने पाणी आणलं. सगळे म्हणाले, आता काढ, कॅनडाला गेल्यावर घाल. ती ऐकेना. त्या रात्री ती स्वेटर घालूनच जेवली.

कार गुरुवारी दुपारी आली. चौघांचे चेहरे बघण्यासारखे होते. नाशिकवरून जायचं की पुण्यावरून, यावर ते दोनशे किलोमीटर भांडले होते आणि त्या भांडणात एक वळण चुकले होते. आंघोळी झाल्या, जेवणं झाली. यमुनाआजीने तिघा मुलांना आपल्याजवळ बसवून घेतलं, तिकिटाची सगळी गोष्ट दोनदा ऐकली आणि निधीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "प्रश्न टाकायची खोड तिला लहानपणापासून होती. आमच्या वडिलांना असंच गुंतवून आम्ही समुद्रावर पळायचो. आता ती तुमच्यात आली, फार चांगलं झालं."

मग तिने सुपारी कातरता कातरता सहज विचारलं, "आणि दत्तोपंत, तुमची चौघांची परतीची तिकिटं?"

बाबांनी काकाकडे पाहिलं. काकाने काकूकडे पाहिलं.

"रविवारी रेल्वे असेल," बाबा म्हणाले.

"रेल्वे कशाला? मुंबईहून विमान—"

"बस थेट दारात सोडते."

मीटिंग सुरू झाली. अनुश्री उठणार होती. पण तिने पाहिलं तर आजोबांची खुर्ची रिकामी होती. ती खिडकीशी गेली.

आजोबा उन्हातून रस्त्याने चालले होते. एका हातात आधार कार्डाची पिशवी होती. दुसऱ्या हातात आजीचा फोन होता आणि त्यावर ते कोणाला तरी विचारत होते, "विष्णूजी, मी इथल्या स्टेशनवर चाललोय. परतीचा फॉर्म कसा भरायचा, तेवढं सांगा."